डिझेलच्या थेंबापासून शाफ्टवरच्या हॉर्सपॉवरपर्यंत: पाच एचपी इंजिनाचा हिशोब कसा करावा

विहिरीवरचं डिझेल इंजिन ओढेनासं झालं की बहुतेकांचा हात आधी डिझेल पंपाच्या रॅककडे, म्हणजे डिझेलचं माप कमी-जास्त करणाऱ्या दांडीकडे जातो. डिझेल वाढवलं की ताकद वाढेल, असा समज असतो. एका मर्यादेपर्यंत तो खरा आहे. ती मर्यादा कुठे आहे आणि आपलं इंजिन तिच्यापासून किती लांब आहे, हे मात्र कागद-पेन्सिल, घड्याळ आणि एक मापाची नळी एवढ्यावर काढता येतं. ते कसं, हे इथे एकाच इंजिनाच्या आकड्यांवरून पाहू.

हे इंजिन म्हणजे किर्लोस्करचं एव्ही-वन. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ११० मिमी, मिनिटाला १५०० फेरे, ३.७ किलोवॅट म्हणजे ५ एचपी. शेतावर ते असतंच, पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतही हमखास असतं. तुमच्याकडे दुसरं इंजिन असेल तर प्लेटवरचे त्याचे आकडे घ्या, रीत तीच.

आधी दाबांची नावं वेगळी करा

"प्रेशर कमी झालंय" हे वाक्य चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं आणि तिथूनच चुकीची दुरुस्ती सुरू होते.

पहिला नोझलचा, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या टोटीचा दाब. या वर्गातल्या इंजिनांत नोझल साधारण २०० बारला उघडतं. हा दाब डिझेलचा आहे, सिलिंडरमधल्या वायूचा नाही. त्याचं काम डिझेलचं बारीक धुकं करणं. तो २२० केला म्हणून पिस्टनवर जास्त जोर पडत नाही.

दुसरा कॉम्प्रेशनचा दाब. पिस्टनने हवा दाबल्यावर, डिझेल पेटायच्या आधीचा. चालू इंजिनात तो पस्तीस-चाळीस बारच्या घरात असतो. हँडलने फिरवताना वेग कमी असल्याने हवा रिंगांतून निसटायला वेळ मिळतो, म्हणून तो बराच कमी दिसतो.

तिसरा जळण्याचा सर्वोच्च दाब, साधारण ६० ते ७० बार. ८० मिमी पिस्टनचं क्षेत्रफळ ५०.३ चौरस सेंमी. ६५ बारला त्यावर सुमारे ३.३ टन भार येतो. बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि हेडचे स्टड या आकड्यासाठी बनवलेले असतात. पण हा दाब क्षणभरच टिकतो.

चौथा मीन इफेक्टिव्ह प्रेशर, म्हणजे सरासरी परिणामी दाब. शक्तीचा हिशोब फक्त याच्यावर चालतो. पॉवर स्ट्रोकभर (जळलेला वायू पिस्टनला ढकलतो त्या धावेत) पिस्टनवर एकच स्थिर दाब राहिला असता आणि शाफ्टवर प्रत्यक्ष मिळतं तेवढंच काम झालं असतं, तर तो दाब किती असता? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा दाब. तो गेजवर दिसत नाही, काढावा लागतो.

दाबावरून शक्ती

चार स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एक पॉवर स्ट्रोक. १५०० फेऱ्यांना मिनिटाला ७५०, सेकंदाला १२.५. शाफ्टवर ३,७०० वॅट मिळतात, म्हणजे प्रत्येक पॉवर स्ट्रोकला ३,७०० ÷ १२.५ = २९६ ज्यूल काम.

पिस्टन जेवढी जागा झाडतो ते आकारमान ५०.३ × ११ = ५५३ सीसी. २९६ ज्यूलला ०.०००५५३ घनमीटरने भागा: ५,३५,००० पास्कल, म्हणजे ५.३५ बार. सर्वोच्च दाब ६५ आणि सरासरी फक्त साडेपाचच्या आत. पिस्टनवर सरासरी जोर २७४ किलोचा. या दोन आकड्यांतली दरी मनात पक्की बसली की पुढचं बरंच सोपं होतं.

रोजच्या वापरासाठी सूत्र असं ठेवा:

शक्ती (किलोवॅट) = सरासरी दाब (बार) × आकारमान (लिटर) × मिनिटाचे फेरे ÷ १२००

टू-स्ट्रोक असेल तर १२०० च्या जागी ६००. टॉर्क, म्हणजे शाफ्टचा पीळ, माहीत असेल तर आणखी सोपं: सरासरी दाब = ०.१२५७ × टॉर्क (न्यूटन-मीटर) ÷ आकारमान (लिटर). आपल्या इंजिनाचा टॉर्क २३.५ न्यूटन-मीटर, तेव्हा पुन्हा ५.३५ बारच येतात. टॉर्क आणि सरासरी दाब ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. एकात इंजिनाचा आकार मिसळलेला असतो, दुसऱ्यात तो काढून टाकलेला असतो. म्हणून लहान-मोठ्या इंजिनांची तुलना करायची तर सरासरी दाबानेच करावी.

हे सूत्र आणखी एक गोष्ट उघड करतं. फेरे १५०० वरून १३०० वर घसरले आणि दाब तोच राहिला, तर शक्ती ३.७ वरून ३.२ किलोवॅटवर येते. "ताकद कमी झाली" अशा तक्रारीत आधी टॅकोमीटर लावून फेरे मोजा. कित्येकदा दोष गव्हर्नरच्या (फेरे कायम राखणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगमध्ये किंवा लिंकेजमध्ये असतो, सिलिंडर ठणठणीत असतो.

आता तोच हिशोब डिझेलच्या बाजूने

एक किलो डिझेल जळलं की सुमारे ४२.५ मेगाज्यूल उष्णता मिळते. पूर्ण लोडवर २० सीसी डिझेल ६२ सेकंदांत संपलं असं धरा. तासाला १,१६१ सीसी. घनता ०.८३ धरली तर तासाला ०.९६४ किलो.

आत गेलेली शक्ती: ०.९६४ × ४२,५०० ÷ ३,६०० = ११.४ किलोवॅट.
शाफ्टवर मिळालेली: ३.७ किलोवॅट.
कार्यक्षमता: ३२.५ टक्के.

उरलेल्यातला मोठा भाग पाण्यात आणि सायलेन्सरमधून जातो, दोन्हीकडे साधारण सारखाच. थोडी उष्णता इंजिनाच्या अंगावरून हवेत जाते.

एका फवाऱ्यापुरता विचार करा. तासाला ४५,००० फवारे. प्रत्येकात २१.४ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम २६ घनमिलिमीटर डिझेल. त्यात ९१० ज्यूल उष्णता आणि त्यातून २९६ ज्यूल काम. डिझेल पंपाचा प्लंजर (आतला सरकता दांडा) इतकं सूक्ष्म माप तासाला पंचेचाळीस हजार वेळा काढतो, म्हणून गढूळ डिझेल त्याला चालत नाही. फिल्टर वेळेवर बदलणं हा पैशाचा अपव्यय नाही.

एक इशारा. डिझेल आपण लिटरने घेतो, पण उष्णता किलोवर मिळते. घनतेचा आकडा १५ अंश सेल्सियसला दिलेला असतो. चाळीस अंशाच्या उन्हात ती सुमारे दोन टक्क्यांनी घटते. मे महिन्याची चाचणी जानेवारीच्या चाचणीशी ताडून पाहणार असाल तर ही दुरुस्ती करा, नाहीतर नसलेला बिघाड शोधत बसाल.

मर्यादा हवा ठरवते

आता मूळ प्रश्न: डिझेल किती वाढवता येईल?

५५३ सीसीच्या सिलिंडरमध्ये प्रत्येक वेळी साधारण ८५ टक्के हवा भरते असं धरा, म्हणजे ४७० सीसी. तीस अंशाला समुद्रसपाटीवर तिचं वजन सुमारे ५४५ मिलिग्रॅम. एक भाग डिझेल पूर्ण जळायला १४.५ भाग हवा लागते. कागदावर त्या हवेत ३७ मिलिग्रॅम डिझेल जळायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही. डिझेल शेवटच्या क्षणी फवारलं जातं आणि सगळ्या हवेत मिसळायला त्याला वेळ मिळत नाही. हवा-डिझेलचं प्रमाण वीसच्या खाली गेलं की काळा धूर सुरू होतो. म्हणजे खरी हद्द सुमारे २७ मिलिग्रॅम.

आपलं इंजिन २१.४ वर चालतं, प्रमाण साडेपंचवीस. २१.४ आणि २७ मधली ही जागा कारखान्याने उगाच सोडलेली नाही. उन्हाळा, समुद्रसपाटीपासूनची उंची, धुळीने भरलेला फिल्टर आणि झिजलेल्या रिंगा या सगळ्यांसाठी तिथे हवा राखून ठेवलेली आहे. रॅक पुढे सरकवून ती खाल्ली की पहिल्या दिवशी इंजिन जोरात वाटतं, आणि एप्रिलमध्ये रिंगा अडकतात.

उंचीचा परिणाम मोठा असतो. दर शंभर मीटरला हवा सुमारे एक टक्का विरळ होते. पुणे ५६० मीटरवर आहे, तिथे पाच टक्के हवा कमी. महाबळेश्वरच्या १,३५० मीटरवर बारा-तेरा टक्के कमी. विदर्भात ४५ अंशाला, २५ अंशाच्या मानाने सहा टक्के कमी. कोकणात बिनधुराचं चालणारं इंजिन तशाच सेटिंगवर घाटमाथ्यावर नेलं आणि धूर ओकायला लागलं, तर ते बिघडलेलं नाही. डिझेल तेवढंच आहे, हवा घटली आहे.

हवेचाच हिशोब पेट्रोलला लावून पाहा. हिरो स्प्लेंडरचं ९७.२ सीसी इंजिन ८,००० फेऱ्यांना ५.९ किलोवॅट देतं. सूत्रात घाला: ९.१ बार. आपल्या डिझेलच्या पावणेदोन पट सरासरी दाब, कारण पेट्रोल हवेत आधीच मिसळलेलं असतं आणि जवळजवळ सगळी हवा कामी येते. बाकीचा फरक फेऱ्यांचा. त्याची किंमतही आहे: पिस्टनचा सरासरी वेग तिथे सेकंदाला १३.२ मीटर, इथे ५.५. दिवसभर पूर्ण लोडवर पाणी उपसणाऱ्या इंजिनाने संथच असावं. टर्बो लावलेल्या गाड्यांचं गणितही हेच आहे. टाटाची १,४९७ सीसीची डिझेल नेक्सन २६० न्यूटन-मीटर देते, म्हणजे जवळपास २२ बार. डिझेल तेच, हवा ठासून भरलेली.

इथेच इथेनॉलचा उल्लेख हवा. एका किलो इथेनॉलमध्ये सुमारे २७ मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ४३-४४. पण इथेनॉलला हवा कमी लागते, किलोला ९ किलो, तर पेट्रोलला १४.७. एका किलो हवेमागे दोघांकडूनही जवळजवळ ३ मेगाज्यूलच मिळतात. म्हणून उसाच्या इथेनॉलचं २० टक्के मिश्रण टाकल्यावर, प्रमाण बरोबर जुळवलं गेलं तर, इंजिनाची कमाल शक्ती फारशी बदलत नाही. कमी होतं ते मायलेज: शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे सात टक्के उष्णता कमी. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी प्रमाण स्वतः जुळवते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तेच राहतं, मिश्रण पातळ होतं आणि तिथे ओढ खरोखर कमी जाणवते.

मोजणी कशी करायची

लागणारं साहित्य: रोप ब्रेक (शाफ्टवरच्या ड्रमला दोर आवळून लोड द्यायची सोय) आणि त्याचा ड्रम, वजनं, स्प्रिंग बॅलन्स, टॅकोमीटर, खुणा असलेली काचेची नळी (ब्युरेट) तीन-मार्गी कॉकसह, स्टॉपवॉच.

१. इंजिन अर्ध्या लोडवर किमान वीस मिनिटं चालवून गरम करा. थंड इंजिनात तेल दाट असतं, घर्षण जास्त दिसतं.

२. ड्रमचा व्यास मोजा आणि त्यात दोराचा व्यास मिळवा. २८० मिमी ड्रम आणि २० मिमी दोर असेल तर परिणामी त्रिज्या १५० मिमी. दोराची जाडी विसरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. इथे ती जवळपास सात टक्क्यांची पडते.

३. ड्रमला पाणी सोडा. ३.७ किलोवॅट सगळेच्या सगळे तिथे उष्णता होतात, तासाला पाच लिटरहून जास्त पाण्याची वाफ करतील इतके. कोरडा दोर जळतो.

४. वजनं चढवत फेरे १५०० वर स्थिर होऊ द्या. लटकलेल्या वजनातून स्प्रिंग बॅलन्सचा आकडा वजा करा. १८ वजा २ म्हणजे १६ किलो. टॉर्क: १६ × ९.८१ × ०.१५ = २३.५ न्यूटन-मीटर.

५. टाकीचा कॉक बंद करून इंजिन फक्त ब्युरेटवर घ्या. २० सीसी उतरायला लागणारा वेळ तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. एका सेकंदाची चूक म्हणजे दीड टक्का. नळीत हवेचे बुडबुडे नसावेत. नोझलमधून परत येणारं गळतीचं डिझेल टाकीत जात असेल तर ते न जळताही जळाल्यासारखं मोजलं जातं. ती नळी ब्युरेटच्याच बाजूला जोडा किंवा वेगळी मापून वजा करा.

हीच मोजणी बिनलोड, अर्ध्या आणि पूर्ण लोडवर करा. चांगल्या इंजिनाचं चित्र असं दिसेल: पूर्ण लोडवर २० सीसीला ६२ सेकंद, अर्ध्यावर १००, बिनलोड सुमारे २५३. किलोत सांगायचं तर तासाला ०.९६४, ०.६०० आणि ०.२३६.

हे बिंदू आलेखावर मांडा. आडव्या अक्षावर शाफ्टची शक्ती, उभ्यावर डिझेल. रेषा मागे, शून्याच्या डावीकडे वाढवा. ती डिझेलच्या शून्याला उणे १.२ किलोवॅटवर मिळेल. हे इंजिनाच्या आतलं घर्षण: रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, पंप. या रीतीला विलन्स रेषा म्हणतात, आणि एका सिलिंडरच्या डिझेलला इतकी स्वस्त दुसरी रीत नाही. जास्त लोडकडे बिंदू वरच्या बाजूला वळू लागले तर तो भाग सोडून खालच्या सरळ भागावरूनच रेषा ओढा.

१.२ किलोवॅट घर्षण म्हणजे १.७४ बार. वायूने पिस्टनला ७.१ बार दिले, त्यातले ५.३५ शाफ्टला पोचले. घर्षण लोडबरोबर फारसं बदलत नाही, त्यामुळे अर्ध्या लोडवर त्याचा वाटा दुप्पट भासतो आणि कार्यक्षमता ३२.५ वरून २६ टक्क्यांवर येते. गरजेपेक्षा मोठं इंजिन घेतलं की तासन्‌तास याच तोट्यात चालवावं लागतं.

ब्रेक नसेल तर पंपच मापक धरा. २०० लिटरचा बॅरल २० सेकंदांत भरला तर सेकंदाला १० लिटर. एकूण उंची, पाइपमधलं घर्षण धरून, २० मीटर. पाण्याला मिळालेली शक्ती १० × २० ÷ १०२ = १.९६ किलोवॅट. पंप ६० टक्के आणि पट्टा ९५ टक्के कार्यक्षम धरला तर इंजिनावर ३.४४ किलोवॅटचा भार, सरासरी दाब पाच बारच्या किंचित खाली. अशा इंजिनाने तासाला साधारण १.१ लिटर प्यायला हवं. तेवढ्याच पाण्याला दीड लिटर लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, इंजिनात किंवा पंपात.

आकडे जुळले नाहीत तर

डिझेल जास्त, शक्ती कमी, धूर काळा: आधी एअर फिल्टर काढून पाहा. ऑइल-बाथ फिल्टरमधलं तेल चिखल झालेलं असतं. फिल्टर ठीक असेल तर नोझल तपासा. फवारा धुक्यासारखा हवा, टोकाला थेंब लटकता कामा नये. तपासताना फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावं लागू शकतं.

डिझेल नेहमीएवढं, शक्ती कमी, सायलेन्सर जास्त तापलेला: जळण उशिरा होतंय. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पिस्टन अगदी वर असताना त्याच्यावर जेमतेम ३५ सीसी जागा असते. तिथे पेटलेला वायू खाली येईपर्यंत सोळापट प्रसरण पावतो. तेच डिझेल पिस्टन अर्ध्यावर आल्यावर जळलं तर उरलेलं प्रसरण दुपटीच्याही आत. उष्णता तेवढीच निर्माण झाली, पण ढकलायला स्ट्रोकच उरला नाही. ती सायलेन्सरमधून बाहेर गेली. रॅक वाढवल्यावर मिळणारी शक्ती डिझेलच्या प्रमाणात वाढत नाही त्याचंही कारण हेच: फवारा लांबतो आणि त्याचं शेपूट उशिरा जळतं.

टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, तपासायची असेल तर डिझेल पंपाच्या आउटलेटची पाइप काढा, रॅक पुरवठ्यावर ठेवा आणि फ्लायव्हील त्याच्या फिरण्याच्या दिशेने सावकाश फिरवा. आउटलेटमधलं डिझेल ज्या क्षणी हलू लागतं ती जागा खडूने खुणा. या वर्गातल्या इंजिनांत ही खूण टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेच्या) सुमारे २३ अंश आधी येते. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या. अंश मोजायला फ्लायव्हीलचा परीघ ३६० ने भागा: परीघ १,४४० मिमी असेल तर एक अंश ४ मिमी, २३ अंश ९२ मिमी. डिझेल पंपाखालचा शिम (पातळ पत्रा) काढला की टायमिंग पुढे येतं, घातला की मागे जातं. फार पुढे आणलं तर इंजिन ठोके देतं. सर्वोच्च दाब चढतो, सरासरी मात्र वाढत नाही, आणि मार हेड गॅस्केट व बेअरिंग खातात.

हँडल मारताना कॉम्प्रेशनवर परत उसळी येत नसेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा. कोणतं ते ओळखायला सिलिंडरमध्ये तेल सोडायची रीत आहे, पण इथे जपून. पेट्रोल इंजिनाच्या सवयीने दहा सीसी ओतलं तर ३५ सीसीची जागा २५ होते, कॉम्प्रेशन खोटं वाढलेलं दिसतं. अंदाज चुकून तेल आणखी पडलं तर पिस्टन तेलावर अडकून रॉड वाकतो. दोन-तीन सीसी पुरे. उसळी सुधारली तर रिंगा-लायनर, न सुधारली तर व्हॉल्व्ह ग्राइंडिंगला काढा, त्याआधी टॅपेटचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं) अंतर बघून घ्या.

बिनलोडचं डिझेल वाढलेलं आणि विलन्स रेषा उणे १.२ च्या बरीच पलीकडे जात असेल तर घर्षण शोधा: नव्या रिंगांचा गॅप कमी ठेवलेला, तेल चुकीच्या ग्रेडचं, पट्टा अति ताणलेला. दुरुस्तीनंतर तिन्ही लोडची मोजणी त्याच डिझेलवर, शक्य तर दिवसाच्या त्याच वेळेला पुन्हा घ्या, आणि सेकंद वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या हंगामात पूर्ण लोडचे ६२ चे ५७ झाले की रॅकला हात लावायच्या आधी फिल्टर उघडा.